आधी पेठेतलं मैदान मागा

सोलापूरकर मंडळींनो, गेल्या काही वर्षांत आपल्या शहरात बरंच काही घडलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईची वंदे भारत सुरू झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये होटगी रस्त्यावरच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि २०२५ साली आधी गोव्याचं, मग मुंबईचं विमान तिथून उडालं. कुंभारीला रे नगरच्या घरांत कामगारांचे संसार लागले. शहराला आता गती आली आहे. अशा वेळी लोक पुढचं मागू लागतात, आणि त्यांनी मागावंही. कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत हल्ली एक विषय हमखास निघतो : सोलापुरात आयपीएलचा सामना कधी होणार? गावाबाहेर शंभर एकरांत आंतरराष्ट्रीय स्टेडियम का बांधत नाहीत?

ही मागणी आज करू नका, एवढं सांगायला मी हे लिहितो आहे. मागायचंच असेल तर दोन गोष्टी मागा. पार्क मैदानाचं इंदिरा गांधी स्टेडियम वर्षभर खेळतं ठेवा, ही पहिली. आणि आपापल्या पेठेतली, नगरातली, हद्दवाढ भागातली खेळाची जागा कागदावर आणि प्रत्यक्षात वाचवा, ही दुसरी. सोलापूरचा स्वतःचा व्यावसायिक संघ व्हावा असं मलाही मनापासून वाटतं. पण तो कसा येतो आणि आलेला कसा टिकतो, हे आपल्याच राज्यात दिसलेलं आहे. ते नीट पाहून मग मागू.

आधी आपल्या माणसांकडे पाहा. पॉली उम्रीगर १९२६ साली सोलापुरात जन्मले. कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय. १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा केल्या. ५९ कसोटी सामने खेळले, पण त्यांचं क्रिकेट घडलं मुंबईत. आता अर्शिन कुलकर्णी. सोलापूरचा मुलगा. २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये एकाच सामन्यात शतक ठोकून चार बळी घेतले, २०२४ चा १९ वर्षांखालचा विश्वचषक खेळला, लखनऊच्या आयपीएल संघात गेला. त्यालाही मोठं क्रिकेट खेळायला पुणं गाठावं लागलं. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे नागालँडकडून खेळून देशाच्या नजरेत आली, २०२२ साली भारताकडून खेळली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राकडून ३४ चेंडूंत शतक करून महिलांच्या टी-ट्वेंटीतला सर्वांत वेगवान शतकाचा विक्रम तिनं आपल्या नावावर केला. चौथा आपल्याच जिल्ह्यातला, वेळापूरचा रामजी कश्यप. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष संघानं तो नेपाळला हरवून जिंकला, त्या संघात तो होता.

म्हणजे गुण आहे, आणि तो फक्त क्रिकेटमध्ये नाही. चौघांतल्या तिघांची वाट मात्र जिल्ह्याबाहेरून गेली. ज्याच्या आईवडिलांना मुलाला अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्यात ठेवणं परवडतं, त्याचा गुण जगाला दिसतो. विडी वळणाऱ्या बाईच्या मुलाचा, यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याच्या मुलीचा गुण घराजवळ मैदान असेल तरच दिसेल. माझ्या दृष्टीनं या सगळ्या विषयाचं मूळ इथेच आहे.

आता व्यावसायिक संघाचं पाहू. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेनं २०२३ साली महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली. सहा संघ होते, त्यांत सोलापूर रॉयल्स हा एक. आपल्याला आनंद झाला. पण सामने सगळे पुण्याजवळच्या गहुंज्याला. सोलापूरच्या नावाचा संघ सोलापुरात एकही सामना खेळला नाही. त्याचा सराव आपण पाहिला नाही, त्याच्या खेळाडूंनी पार्क चौकात कधी चहा घेतला नाही. २०२५ च्या हंगामात रायगड आणि सातारा ही नावं आली, आणि पुरुषांच्या सहा संघांतून सोलापूरचं नाव गेलं. किती जणांना ते जाणवलं? कुणी मोर्चा काढला नाही, कुणी निवेदन दिलं नाही. यात लोकांचा दोष नाही. जो संघ कधी गावात आलाच नाही, त्याच्या जाण्यानं गावाला काय वाटणार?

पुण्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. आपल्यापेक्षा किती तरी मोठं आणि श्रीमंत शहर. तिथे पुणे वॉरियर्स हा आयपीएल संघ २०११ ते २०१३ असा तीन हंगाम टिकला. नंतर आलेला रायझिंग पुणे दोनच वर्षांसाठी होता. २०१७ ची अंतिम फेरी एका धावेनं हरला आणि संपला. फुटबॉलचा एफसी पुणे सिटी २०१४ ला आला, २०१९ ला बंद झाला. या सगळ्यांत टिकली ती पुणेरी पलटण. प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली तेव्हापासून आहे, आणि मार्च २०२४ मध्ये हरियाणाला हरवून तिनं विजेतेपद मिळवलं. कबड्डीचे संघ आणि मंडळं या राज्यात गल्लोगल्ली पिढ्यान्‌पिढ्या आहेत. खेळाडू इथले, बघणारे इथले, पंच इथले. मालकाच्या पैशाखाली अशी माती असली की संघ तग धरतो. नुसता पैसा असेल तर मालकाचं मन बदललं की संघ गेला.

आणि स्टेडियमचं म्हणाल, तर गहुंज्याची कहाणी प्रत्येक सोलापूरकरानं लक्षात ठेवावी. २०१२ साली ते उभं राहिलं. एका बड्या उद्योगसमूहाचं नाव देऊन त्या पैशावर खर्च भागवायचा बेत होता, तो फसला. बँकांचं कर्ज थकलं, आणि जानेवारी २०१८ मध्ये बँकांनी स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतल्याची बातमी आली. थकबाकी ६९ कोटींच्या वर होती. ते स्टेडियम पुण्या-मुंबईच्या मध्ये, द्रुतगती मार्गाला लागून आहे. राज्यातल्या सर्वांत श्रीमंत पट्ट्यात. तिथे ही वेळ आली. सोलापूर महापालिकेला नळाला पाणी चार-पाच दिवसांआड देण्यात वर्षं गेली. अशा महापालिकेनं शंभर एकरांचा बोजा कुठल्या खांद्यावर घ्यायचा?

पाण्याचं निघालंच आहे तर एक आठवण करून देतो. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं होतं. खेळपट्टीला पाणी आणि माणसाला टँकर, हे चित्र न्यायालयालाही पाहवलं नाही. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात असून आपण ते हाल भोगले आहेत. त्यामुळे सोलापुरात मैदान हिरवं ठेवायचं असेल तर ते शुद्ध केलेल्या सांडपाण्यावरच ठेवायला हवं. देगावला शुद्धीकरण केंद्र आहे. पार्क मैदानाला आणि मोठ्या बागांना त्या पाण्याची सोय करा, ही मागणी साधी आहे आणि रास्त आहे. ती झाली तर उद्या कुणी दुष्काळात बोट दाखवणार नाही.

मग नमुना कुणाचा घ्यायचा? कोल्हापूरचा घ्या. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती आणि आपली साडेनऊ लाख. निम्म्याहून थोडंसंच मोठं गाव. पण तिथल्या फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या गॅलऱ्या भरतात. परदेशी खेळाडूंसाठी नाही, टीव्हीवरच्या चेहऱ्यांसाठी नाही. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, हे संघ म्हणजे पेठा आहेत. आपल्या पेठेचा पोरगा खेळतो म्हणून माणूस दुकान अर्धा दिवस बंद ठेवून जातो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून हा कारभार चालवते. राजर्षी शाहू महाराजांनी त्या गावाला खासबागेचं कुस्ती मैदान दिलं, तालमी जगवल्या, आणि त्याच तालमींतून पुढे फुटबॉलचे संघ निघाले. २०१७ चा १७ वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, तो काही आकाशातून पडलेला नव्हता. तिथे हुल्लडबाजीही होते, सामने थांबवावे लागतात, हे मी लपवत नाही. ते टाळायला हवं. पण हुल्लड होते ती गर्दी जमते म्हणून. आपल्याकडे आधी गर्दी जमू दे, शिस्त लावता येईल.

सोलापूरला तालमींची वानवा आहे का? पत्रा तालीम, पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम... गणपतीत या मंडळांचं लेझीम बघायला लोक लांबून येतात. महिना-दीड महिना आधी रात्री सराव सुरू होतो. शंभर-शंभर पोरं एका ठेक्यावर पुढे जातात, मागे येतात, बसतात, उठतात. चुकला त्याला मागच्या रांगेत पाठवतात. घामानं बनियन भिजतात आणि कुणी घरी जात नाही. एवढी शिस्त, एवढा दम आणि पेठेचा एवढा अभिमान कुठल्याही संघमालकाला विकत घेता येणार नाही. तो आपल्याकडे फुकट आहे आणि अनंत चतुर्दशीनंतर वर्षभर वाया जातो. मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे : तुमच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला ठेवा आणि मंडळाचा एक कबड्डीचा, एक खो-खोचा आणि एक क्रिकेटचा संघ नोंदवा. खो-खोत मुलींचाही संघ असू द्या. मिरवणुकीत आपण एकमेकांशी चुरस करतो, ती डिसेंबर ते मार्च मैदानात करू.

खो-खो आणि कबड्डीचं नाव मी मुद्दाम घेतो आहे. क्रिकेटचं प्रेम मलाही आहे, पण जागेचा हिशेब करून बघा. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन खांब, फक्कीच्या रेघा, मऊ माती. कबड्डीला १३ बाय १० मीटर पुरतं. क्रिकेटच्या एका मोठ्या मैदानाच्या जागेत खो-खोची पंचवीसएक मैदानं सहज मांडता येतील. आपलं शहर १९९२ च्या हद्दवाढीनंतर १७८ चौरस किलोमीटरवर पसरलं. बाळ्यापासून कुमठ्यापर्यंत आणि शेळगीपासून सोरेगावपर्यंत राहणारी मुलं रोज संध्याकाळी पार्क मैदानावर येऊ शकत नाहीत. त्यांना घरापासून चालत जाता येईल अशी जागा हवी. रे नगरची योजना ३० हजार घरांची आहे. घरटी चार माणसं धरली तरी लाखाच्या वर वस्ती होते. तिथल्या मुलांनी खेळायचं कुठे, हा प्रश्न घराच्या किल्लीइतक्याच जोरानं विचारायला हवा. कामगारांनी लढून घरं मिळवली, मैदानंही मिळवतील याची मला खात्री आहे.

आता थोडं कागदाचं बोलू, कारण मैदानं जातात ती कागदावर. शहराच्या विकास आराखड्यात क्रीडांगण, बाग, शाळा यांसाठी जागा आरक्षित केलेल्या असतात. त्या बहुतेक खासगी मालकीच्या असतात आणि महापालिकेनं त्या ताब्यात घ्यायच्या असतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२७ सांगतं की आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस दिल्यावर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण उठतं. मालकाचा हक्क खोटा नाही. त्यानं किती वर्षं अडकून राहायचं? पण त्या २४ महिन्यांत पेठेतल्या एकाही माणसाला पत्ता नसतो की आपलं मैदान चाललं आहे. फलक लागतो, पाया खोदला जातो, तेव्हा आपण जागे होतो. तोवर उशीर झालेला असतो. ‘पैसे नाहीत’ हे महापालिकेचं उत्तर पुरेसं नाही, कारण रोख मोबदल्याऐवजी टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देऊनही जागा घेता येते. आपण वेळेत विचारलं तर.

दुसरी जागा तुमच्या घराला लागूनच असते. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठा लेआउट पाडला की दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. नगरात प्लॉट घेतलेल्या सर्वांना ती ‘ओपन स्पेस’ म्हणून माहीत असते. आज तिथे काय आहे ते जाऊन बघा. कुठे वेडी बाभूळ माजली आहे, कुठे बांधकामाचा राडारोडा टाकला आहे, कुठे कुणाच्या गाड्या उभ्या आहेत. बाभूळ काढायला एक दिवस जेसीबी लागेल आणि नगरातल्या चाळीस घरांनी मिळून त्याचं भाडं द्यायला हरकत नसावी. राडारोडा उचलायला विभागीय कार्यालयाला अर्ज द्या. जागा साफ झाली की त्याच आठवड्यात तिथे फक्की मारून खेळ सुरू करा, कारण रिकामी साफ जागा फार दिवस रिकामी राहत नाही.

जे मैदान आहे तेही जपायला हवं. होम मैदानावर जानेवारीत गड्डा भरतो. ती सिद्धरामेश्वरांची यात्रा आहे, शहराचा जीव आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. मी बोलतो आहे इतर मैदानांवरच्या सभा, प्रदर्शनं आणि लग्नाच्या मांडवांबद्दल. मांडव उतरला की खांबांचे वीतभर खोल खड्डे तसेच राहतात. वाळूत खिळे, सुतळ्यांचे तुकडे, काचा. दुसऱ्या दिवशी पोरगं अनवाणी खो-खो खेळायला उतरतं आणि पाय कापून घेतं. मैदान भाड्यानं देताना अनामत घ्या आणि खड्डे बुजवून, मैदान झाडून दिल्याशिवाय ती परत करू नका, असा नियम प्रत्येक शाळेनं आणि संस्थेनं करावा. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनीही मंडपवाल्याला बजावून सांगावं.

पार्क मैदानाचं आता. सोलापूर जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांत निवडलं गेलं, त्या योजनेत या स्टेडियमचं रूप पालटलं. जानेवारी २०२४ मध्ये अनेक वर्षांच्या खंडानंतर इथे रणजी सामना झाला. केदार जाधवच्या महाराष्ट्र संघानं मणिपूरला एक डाव आणि ६९ धावांनी हरवलं. कामाच्या दिवशीही माणसं बघायला आली, शाळेची मुलं आली. म्हणजे बघणारे आहेत. आता हवं ते वर्षाचं वेळापत्रक. कुठल्या दिवशी शाळांचे सामने, कुठल्या दिवशी मंडळांची साखळी, कुठल्या वेळी मुलींचा सराव, खेळपट्टी कधी विश्रांतीला, हे जानेवारीतच जाहीर करून स्टेडियमच्या दारावर लावा. त्याला लागून गाळे आहेत. त्यांच्या भाड्यातला ठरावीक हिस्सा मैदानाच्या देखभालीलाच जाईल असा ठराव महापालिकेनं करावा. माळी, रोलर, जाळ्या आणि स्वच्छतागृह यांना दरमहा पैसा लागतो, आणि उद्घाटनाच्या फिती कापून तो येत नाही.

महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडेही एक मागणी करता येईल आणि तिच्यामागे चांगलं कारण आहे. प्रीमियर लीग जूनमध्ये होते. गहुंजे मावळात आहे. जूनमध्ये तिथे काय पाऊस असतो ते सर्वांना माहीत आहे. पहिल्याच वर्षी अंतिम सामना पावसानं पुरा होऊ दिला नाही, आणि गुणतक्त्यात वर असलेल्या रत्नागिरीला विजेते ठरवावं लागलं. सोलापूर पर्जन्यछायेत आहे. जी गोष्ट शेतकऱ्याला जाचते ती इथे उपयोगी पडेल. जूनमधले चार-पाच सामने सोलापूरला द्या, असं आपण ठामपणे म्हणू शकतो. विमान आहे, रेल्वे आहे, हॉटेलं आहेत. प्रकाशझोत आणि खेळाडूंच्या खोल्या यांत जे कमी असेल ते लेखी विचारून घ्या आणि तेवढंच पुरं करा. हजार कोटींचं स्टेडियम मागण्यापेक्षा ही यादी पुरी करणं शंभर पटींनी सोपं आहे.

चादरी-टॉवेलच्या कारखानदारांशी दोन शब्द. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. हे नाव तुम्ही जगभर नेलंत. तुमच्या पैशातून एखादा आयपीएल संघ घ्या असं कुणी म्हणत नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्यानं एका पेठेचा खो-खो संघ दत्तक घ्यावा. वर्षाचे गणवेश, बूट, दुखापतीचा विमा, प्रशिक्षकाचं मानधन. छातीवर कारखान्याचं नाव असू दे. असे बारा कारखाने पुढे आले तर सोलापूरची साखळी उभी राहते. अल्टिमेट खो-खो २०२२ ला सुरू झाली तेव्हा सहा संघांत महाराष्ट्राचा एकच, मुंबईचा. रामजी कश्यप चेन्नईकडून खेळला. आपली साखळी पाच वर्षं सलग चालली आणि लोक तिकीट काढून आले, तर सोलापूरच्या नावानं संघ घ्यायला माणूस इथे चालत येईल. त्या दिवशी तो संघ आपल्याच मैदानात खेळेल, अशी अट घालायचा अधिकार आपल्याला असेल.

आईवडिलांना एक कळकळीचं सांगणं आहे. मुलगा पन्नास धावा काढतो म्हणून आठवीत शाळा सोडवू नका. रणजी खेळणाऱ्याला दिवसाला चाळीस ते साठ हजार मिळतात हे खरं, पण राज्याच्या संघात जागा पंधरा-सोळाच. त्या पंधरात जो येत नाही त्याचं आयुष्य संपत नाही, मात्र त्याच्या हातात शिक्षण हवं. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वेत आणि पोलिसांत खेळाडूंची भरती होते, आणि आपलं शहर रेल्वेचं विभागीय ठिकाण आहे. त्यासाठी अधिकृत स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. गल्लीतल्या दहा ट्रॉफ्यांपेक्षा शालेय क्रीडा स्पर्धेतलं एक प्रमाणपत्र कामाला येतं. पंच, गुणलेखक, खेळपट्टी राखणारा, फिजिओ, प्रशिक्षक, ही कामंही खेळातलीच आहेत आणि त्यांत पोट भरतं. मुलीच्या बाबतीत आणखी एक. तिचा खेळ बहुधा दहावीच्या आसपास सुटतो. आवड संपत नाही; संध्याकाळी अंधार पडतो, मैदानावर दिवा नसतो, कपडे बदलायला खोली नसते, आणि घरचे म्हणतात आता पुरे. तिला पुरे म्हणण्याआधी दिवा मागा. आठवड्यातले दोन दिवस आईनं किंवा वडिलांनी मैदानावर बसायचं ठरवा. चार घरांनी पाळी लावली तर कुणालाच जड जाणार नाही.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर कितीतरी काळ कारभार प्रशासकाकडे होता. विचारायला आपला माणूस नव्हता. आता नगरसेवक दारात येईल तेव्हा रस्ता, गटार, पाणी यांच्या जोडीला मैदानाचंही नाव घ्या. ‘खेळासाठी काहीतरी करा’ असं म्हणू नका. त्यावर हो म्हणणं फार सोपं असतं. नेमकी जागा सांगा.

त्यासाठी या महिन्यात एवढं करा. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन आपल्या भागाचा विकास आराखड्याचा नकाशा पाहा. खेळाच्या आरक्षणांचे क्रमांक वहीत उतरवा. दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत तीस दिवस. नवा आराखडा किंवा फेरबदल जाहीर झाला की हरकती-सूचनांची मुदत वर्तमानपत्रात येते, ती चुकवू नका. अर्जात आरक्षण क्रमांक, पेठेचं नाव, जवळच्या शाळा आणि तिथे आज खेळणाऱ्या मुलांची अंदाजे संख्या लिहा. वीस घरांच्या सह्या घ्या, त्यांत बायकांच्या सह्या असू द्या. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख मारून घ्या, आणि ती प्रत मंडळाच्या कपाटात ठेवा. उद्या कुणी कलम १२७ ची नोटीस दिली तर पहिल्या दिवशी तोच कागद घेऊन महापालिकेच्या इंद्रभुवनच्या पायऱ्या चढाव्या लागतील.